कर भरणारा आणि ‘कर’ म्हणवणारा

मुंबईहून गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या माणसाला सरकारी कागदोपत्री ‘चाकरमानी’ न म्हणता ‘कोकणवासीय’ म्हणावे, असा निर्देश राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. ‘चाकर’ या शब्दात हलकेपणा आहे, अशी तक्रार त्यामागे होती. बातमी लहान होती. जादा गाड्यांच्या आणि रस्त्यांवरील खड्ड्यांच्या बातम्यांत ती बुडूनही गेली. तथापि ज्यांचा शब्दांशी आणि आकड्यांशी रोजचा संबंध येतो त्यांनी, म्हणजे शिक्षकांनी आणि कचेरीतील कारकुनांनी तरी, तिच्यापाशी थोडे थांबावयास हवे होते.

कारण हा बदल मान देण्यासाठी केलेला असला तरी वस्तुस्थितीला धरून नाही. ‘वासी’ म्हणजे राहणारा. लालबागला किंवा भांडुपला वर्षाचे साडेअकरा महिने राहणारा, तेथेच मतदान करणारा, तेथल्याच शाळेत मुले घालणारा गृहस्थ पंधरा दिवस गावी गेला म्हणून कोकणवासी कसा ठरतो? जनगणनेचा प्रगणक त्याची नोंद मुंबईतच करील. ‘चाकरमानी’ हा शब्द गावाने शहरात गेलेल्या आपल्या माणसाला दिलेला आहे. घर येथे आणि पोट तेथे, ही त्याची अवस्था त्या शब्दात नेमकी उतरली आहे. मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या म्हातारीचे कौतुक त्यात आहे, गावात मागे राहिलेल्या भावाचा थोडा हेवाही आहे. आम्ही अर्थशास्त्राचे लोक ज्याला ‘चक्राकार स्थलांतर’ म्हणतो आणि जे वर्गात समजावून देण्यास एक अख्खा तास लागतो, ते कोकणाने एका शब्दात सांगून टाकले. तो शब्द ज्यांना लावला जातो त्यांना नको असेल तर तो जरूर जावा. त्यांच्या इच्छेपुढे आमच्यासारख्यांच्या आवडीनिवडीला किंमत नाही. मात्र बदली शब्दाने माणसाचा पत्ता बदलू नये, एवढी अपेक्षा गैर नसावी.

बदली आलेला शब्द व्याकरणदृष्ट्याही लंगडाच आहे. संस्कृत ‘वासिन्’वरून ‘वासी’ आला, आणि ‘राहणारा’ हा अर्थ तेवढ्यानेच पुरा झाला. त्याला पुन्हा ‘ईय’ जोडण्याचे काही कारण नाही. परंतु ‘मुंबईवासीय’, ‘शहरवासीय’ ही रूपे मथळ्यांत अशी रुळली आहेत की ‘मुंबईवासी’ लिहिणाराच आता चुकल्यासारखा वाटतो. ‘रहिवासी’ या शब्दाची तीच गत. मूळ रूप ‘रहिवासी’. विभक्तीचा प्रत्यय लागला की ‘रहिवाशाला’, ‘रहिवाशांना’, जसे ‘प्रवासी’चे ‘प्रवाशांना’ होते. या ‘शा’च्या ओढीने मूळ शब्दही अनेकांच्या लेखणीत ‘रहिवाशी’ होऊन बसला. एका कचेरीत पाटीवर ‘रहिवासी दाखला’, छापील अर्जावर ‘रहिवाशी दाखला’ आणि दाखल्याच्या मथळ्यात ‘रहिवास प्रमाणपत्र’ अशी तीन रूपे दहा पावलांच्या अंतरात मी पाहिली आहेत. ही तिन्ही रूपे एकाच कार्यालयाची असल्यामुळे त्यांत कोणाला विसंगती दिसत नाही. अर्जदाराच्या कागदात अशी दोन रूपे निघाली की मात्र ती ‘तफावत’ होते. त्याकडे मी पुढे येणार आहे.

गावच्या माणसाला मराठीत जो खरा अस्सल शब्द मिळतो तो ‘कर’ या प्रत्ययाने. पुणेकर, मुंबईकर, सातारकर, सांगलीकर. हा प्रत्यय कोठेही लावता येतो आणि कोठल्याही माणसाला लावता येतो, हे त्याचे सामर्थ्य. हिंदीत लखनौचा लखनवी, बनारसचा बनारसी, दिल्लीचा मात्र दिल्लीवाला; इंग्रजीत तर प्रत्येक शहराची तऱ्हा निराळी. ‘बाँबे’ होते तोवर इंग्रजी पत्रे ‘बाँबेआइट’ लिहीत. १९९५ साली शहराचे अधिकृत नाव ‘मुंबई’ झाले, आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी अखेर आपले शेपूट बाजूला ठेवून ‘मुंबईकर’ हा अख्खा मराठी शब्दच उचलला. पुण्याच्या बाबतीत त्यांचे मन अजून ठरलेले नाही. एकाच अंकात ‘पुणेकर’ आणि ‘पुणेआइट’ शेजारी शेजारी नांदतात.

मराठीतही या शब्दांची रूपे सगळी सरळ नाहीत. सातारा हा आकारान्त, म्हणून सातारकर. गोव्याचा गोवेकर, आणि तोच कोकणीत गोंयकार. बडोद्याचा बडोदेकर, कारण मराठीला ते शहर ‘बडोदे’ म्हणून ठाऊक होते; हिराबाई बडोदेकरांच्या नावात ते रूप टिकून आहे. अहमदनगरच्या माणसाला कोणी अहमदनगरकर म्हणाल्याचे ऐकिवात नाही. तो सदाचा ‘नगरकर’. त्यामुळे २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तरी नगरकर जागचा हलला नाही. औरंगाबादकर आणि उस्मानाबादकर यांना ती सोय नव्हती. २०२३ साली त्यांना संभाजीनगरकर आणि धाराशिवकर व्हावे लागले, आणि कोण कोणता शब्द वापरतो यावरून त्याची मते ओळखण्याचा नवा उद्योग सुरू झाला.

सर्वांत अधिक गोंधळ ‘पूर’वाल्यांचा. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या ज्या नियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांत गावाच्या नावातील ‘पूर’मधील ‘पू’ दीर्घ लिहावा असे स्पष्ट आहे. म्हणून नागपूर, सोलापूर आणि नागपूरकर, सोलापूरकर. परंतु प्रत्यय लागला की तेच ‘नागपुरात’, ‘सोलापुरातून’, असे ह्रस्व होते. आणि वस्तूला लागणारे विशेषणही ह्रस्वच: नागपुरी संत्री, कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर. माणूस दीर्घ आणि वस्तू ह्रस्व, असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगतो. त्यांच्या ते लक्षात राहते.

गंमत बाजूला ठेवली तरी या भेदात अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. मराठीत गावची वस्तू ‘ई’ने ओळखली जाते आणि गावचा माणूस ‘कर’ने. वस्तूच्या गावनामाला आपण कायद्याचे संरक्षण दिले. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली झाला व २००३ पासून अमलात आला. त्याखाली पुणेरी पगडीची नोंद झाली, पैठणीची झाली, सोलापुरी चादरीची झाली, कोल्हापुरी चपलेची २०१९ साली झाली. जून २०२५ मध्ये इटलीतील एका बड्या फॅशनगृहाने कोल्हापुरीसारखीच पादत्राणे गावाचे नाव न घेता मिलानच्या मंचावर आणली, तेव्हा महाराष्ट्रात जो संताप उसळला तो योग्यच होता. पण ती चप्पल, ती चादर ज्याच्या हातून होते त्याच्या ‘कर’चे काय?

मी मूळचा सोलापूरचा. सोलापुरी चादर जगात गेली ती मुख्यतः पद्मशाली विणकरांच्या हातांवर. ही मंडळी तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आली, अजूनही त्यांच्या घरांत तेलुगू बोलली जाते. त्यांच्या मागाखालून निघालेला कपडा पहिल्या दिवसापासून ‘सोलापुरी’ होता. विणणारा ‘सोलापूरकर’ व्हायला मात्र काही दशके लागली. आमच्या गल्लीत एकेकाळी त्यांच्याकडे परके म्हणूनच पाहिले जाई, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकले आहे. आज तसे कोणी म्हटले तर लोक त्याला वेड्यात काढतील. माल आधी स्थानिक होतो आणि कामगार नंतर, हा क्रम मला सगळीकडे आढळतो.

मुंबईचेच पाहा. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहराच्या लोकसंख्येपैकी शहरातच जन्मलेले लोक सुमारे १६ टक्के होते. म्हणजे गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात शंभर मुंबईकरांपैकी चौऱ्याऐंशी बाहेर जन्मलेले: रत्नागिरीचे, साताऱ्याचे, पुणे-नगरकडचे, थोडे उत्तरेतले. त्यांतल्या देशावरच्या माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणवले जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्याच घाट्यांची आणि चाकरमान्यांची मुलेनातवंडे ‘मुंबईकर’ होती, आणि ती शहराबाहेर फेकली जात आहेत म्हणून मराठी मन हळहळले. आज तोच तुच्छतेचा सूर कोणासाठी लागतो, हे वाचकांना सांगावयास नको.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. ‘कर’ हा प्रत्यय आपल्याकडे दोन अगदी उलट कामे करतो. आडनावातला ‘कर’ हा गाव सोडल्यावर लागतो. चिपळुणातच राहणाऱ्याला शेजारी चिपळूणकर कशाला म्हणतील? विष्णुशास्त्री चिपळूणकर जन्मले पुण्यात. म्हणजे आडनावातील ‘कर’ हा स्थलांतराचा पुरावा आहे, आणि निम्मा महाराष्ट्र व गोवा तो पुरावा अभिमानाने दारावरच्या पाटीवर लावून बसला आहे. याउलट ‘मुंबईकर’ किंवा ‘पुणेकर’ म्हणताना त्याच प्रत्ययाने आपण ‘येथे राहतो तो’ असे सुचवतो. पूर्वजांचे गाव सोडणे आपल्याला कुलवृत्तान्तात शोभते. दुसऱ्याने त्याचे गाव सोडून आपल्या शहरात येणे मात्र ‘लोंढा’ होतो.

बोलीभाषेतला ‘कर’ मात्र उदार आहे, हे कबूल केले पाहिजे. तो जन्मस्थळ विचारत नाही, जात वा मातृभाषा विचारत नाही. कागदावरचा ‘रहिवासी’ तसा नाही, आणि तो एक माणूसही नाही. मतदारयादीसाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार ‘सर्वसाधारणपणे’ तेथे राहणारा हवा. नुसते घर मालकीचे असणे पुरेसे नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्याने हक्क जात नाही. चाकरमान्याचा प्रश्न या कायद्याने पंचाहत्तर वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीला सहा महिन्यांचे वास्तव्य पुरते, किंवा पुढे सहा महिने राहण्याचा इरादा. महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्राला सामान्यतः १५ वर्षे लागतात. मुंबईतील झोपडीवासीयाला (पाहा, हा ‘वासीय’ माझ्याही लेखणीतून सुटत नाही!) मोफत पुनर्वसनासाठी आधी १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा लागे, मग ती तारीख १ जानेवारी २००० झाली, आणि पुढे २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर देण्याची तरतूद आली. थोडक्यात, एकच माणूस एकाच दिवशी मतदार म्हणून मुंबईचा, नोंदवहीत मुंबईचा, अधिवासाच्या खिडकीशी अर्धवट आणि पुनर्वसनाच्या यादीत अस्तित्वातच नसलेला असू शकतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा या यादीची किंमत कळली. वीस-वीस वर्षे शहरात गवंडीकाम केलेली माणसे एका रात्रीत ‘स्थलांतरित मजूर’ झाली. त्यांची शिधापत्रिका गावाकडची, म्हणून शहरातले दुकान त्यांचे नव्हते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना २०१९ साली काही राज्यांत सुरू झाली होती. सर्व राज्ये तिच्यात यावयास २०२२ उजाडले. ती आणखी दोन वर्षे आधी पुरी झाली असती तर महामार्गांवरून चालत निघालेल्या त्या रांगा निदान थोड्या आखूड दिसल्या असत्या, असे मला वाटते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, शहराच्या सोयी शहराला कर देणाऱ्यांसाठी आहेत. कोणीही यावे आणि घ्यावे, अशी धर्मशाळा महापालिकेने चालवू नये. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मी हा मुद्दा झटकून टाकणार नाही. सोयी मर्यादित आहेत. मोफत घराचे आश्वासन खुले ठेवले तर नव्या झोपड्या उभ्या राहतात, हेही खरे; तारखेची रेघ कोठे तरी ओढावीच लागते. परंतु ती रेघ एकदा ओढल्यावर हलता कामा नये. दर काही निवडणुकांनी ती पुढे सरकते म्हटल्यावर आज झोपडी बांधणारा उद्याच्या रेघेची वाट पाहतो, आणि नियमाने ज्याला आळा घालावयाचा त्यालाच उत्तेजन मिळते.

आणि कर कोण भरतो? मालमत्ता कर घरमालक भरतो खरा, पण भाड्यातून तो वसूल होतो. त्याहून बोलका दाखला जकातीचा आहे. मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत वर्षानुवर्षे जकात हा होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ती बंद झाली. शहराच्या नाक्यावर घेतलेली जकात मालाच्या किमतीत मिसळे, आणि ती किंमत शहरात साबण, तेल, कापड विकत घेणारा प्रत्येक माणूस मोजी. नाक्यावरचा कारकून तेलाच्या डब्याला ‘तू कोणासाठी?’ असे विचारत नव्हता. ज्याला आपण उपरा म्हणतो त्याने मुंबईचे रस्ते आणि रुग्णालये यांसाठी त्याच्या बेताच्या मिळकतीतून वाटा दिला आहे. अप्रत्यक्ष कराचा बोजा मिळकतीच्या प्रमाणात गरिबावर अधिक पडतो, हे तर पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातले वाक्य. तो कर भरीत होता, ‘कर’ मात्र झाला नव्हता.

आता त्या तफावतीकडे येतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. ते गेल्यावर आईच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद एका कार्यालयात दिले. वडिलांच्या जुन्या इंग्रजी दाखल्यावर जन्मगावाचे स्पेलिंग इंग्रजांच्या काळचे, ‘शोलापूर’ असे वाचले जाणारे, सेवापुस्तकात ‘सोलापूर’. त्यातच आमचे आडनाव एका ‘पूर’वरून आलेले. एका कागदावर पू दीर्घ, दुसऱ्यावर ह्रस्व. कागद परत आले, शेरा: ‘नाव व जन्मस्थळ यांत तफावत.’ टेबलावरचे कारकून गृहस्थ सज्जन होते. “सर, मला कळतं हो, पण साहेब सही करणार नाहीत,” असे ते म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते. अखेर आईने प्रतिज्ञापत्र केले की, शोलापूर व सोलापूर हे एकच शहर असून ते आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे. सत्तरीच्या बाईने हे शपथेवर सांगितले तेव्हा राज्याचा विश्वास बसला. यात चार महिने गेले. आमचे घर त्या पैशावर अवलंबून नव्हते, म्हणून मी आज ही हकीकत विनोदाने सांगू शकतो. ज्यांच्या घरात त्या रकमेवर किराणा येतो त्यांना ती तशी सांगता येणार नाही.

याला उपाय कठीण नाही. पूना-पुणे, बाँबे-मुंबई, ठाणा-ठाणे, शोलापूर-सोलापूर, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर-अहिल्यानगर: जुन्या व नव्या नावांचे आणि स्पेलिंगांचे एक कोष्टक शासनाने राजपत्रात प्रसिद्ध करून प्रत्येक टेबलावर ठेवावे, आणि त्यातील दोन रूपे दोन कागदांवर आढळल्यास ती तफावत समजू नये, असे त्याखाली एका ओळीत लिहावे. गावावरून आलेल्या आडनावांतील ह्रस्वदीर्घालाही तोच न्याय लावावा. शुद्धलेखनाचा मी आग्रही आहे, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत ‘सोलापुरकर’ दिसले तर लाल शाईने पू दीर्घ करतो. पण उत्तरपत्रिकेतला अर्धा गुण आणि विधवेचा चार महिन्यांचा निर्वाह यांत फरक आहे.

दुसरी गोष्ट वास्तव्याच्या मुदतीची. घर फुकट देण्यासाठी कठोर आणि न हलणारी तारीख असू द्या. पण दवाखाना, शाळाप्रवेश, नळाची जोडणी, शिधा यांसाठी सहा महिन्यांचे वास्तव्य ही एकच कसोटी सर्व खात्यांनी मानावी. नोंदवहीच्या व्याख्येत ती आयती पडलेली आहे.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून देशाची जनगणना जाहीर झाली आहे. नेहमीप्रमाणे पुष्कळ शिक्षक प्रगणक म्हणून दारोदार जातील. या पानाच्या वाचकांपैकीही काही असतील. २०११ च्या जनगणनेत जन्मस्थान, आधीचे वास्तव्य, येथे येऊन झालेली वर्षे आणि येण्याचे कारण हे प्रश्न होते, आणि देशात सुमारे ४५ कोटी माणसे त्या अर्थाने स्थलांतरित निघाली. त्यांत सर्वांत मोठा वाटा लग्न होऊन सासरी आलेल्या स्त्रियांचा होता. त्यांना आपण कोणी उपरे म्हणत नाही; त्यांच्यासाठी भाषेत ‘सासुरवाशीण’ आणि ‘माहेरवाशीण’ असे दोन शब्द आहेत, दोन्हींत तोच ‘वास’, आणि एकीला दोन्ही एकाच वेळी असता येते.